अर्ध्या मिलिमीटरचं सागवान: व्हेनिअरला स्टेन लावला, आता पुढे काय?

वहिनींचा फोन आला तेव्हा आवाजात राग होता. ठाण्याच्या घरी बैठकीच्या खोलीसाठी त्यांनी एक बुटकं टेबल करून घेतलं होतं. सुताराने प्लायवर सागाचं व्हेनिअर चिकटवून ते कोरंच आणून दिलं आणि पॉलिशवाल्याचा भाव ऐकून वहिनींनी ठरवलं की रंगाचं काम आपणच करायचं. अक्रोडी रंगाचा स्टेन आणला, दोन दुपारी बसून लावला. टेबल इतकं देखणं दिसायला लागलं की फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरले. पाचव्या दिवशी त्यावर चहाचा कप टेकला. ओल्या फडक्याने पुसलं, तर फडकं तपकिरी आणि टेबलावर फिकट गोल.

"दुकानदाराने खराब रंग गळ्यात मारला हो भाऊजी," त्या म्हणाल्या.

रंगात काही खोट नव्हती. काम अर्धंच झालं होतं, आणि उरलेलं अर्धं काम कोणतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. घराचं काम काढलेल्या बहुतेकांची हीच गत होते. कोटेशनमध्ये 'व्हेनिअर, स्टेन, मेलामाइन की पीयू' असं लिहिलेलं असतं, आपण मान डोलावतो आणि भाव करायला लागतो. हे शब्द नेमके कशासाठी आहेत ते एकदा समजलं की घरी काम करणंही जमतं, आणि काम दुसऱ्याला दिलं तरी योग्य प्रश्न विचारता येतात.

## व्हेनिअर म्हणजे खरं लाकूड, पण किती?

व्हेनिअर म्हणजे लाकडाचा पातळ काप. ओंडका वाफेवर किंवा गरम पाण्यात मऊ करतात आणि मोठ्या पात्याने त्याचे पापुद्रे काढतात. आपल्याकडे दुकानात ८ बाय ४ फुटांचा, साधारण ४ मिलिमीटर जाडीचा जो शीट मिळतो, त्यातलं मौल्यवान लाकूड वरचं अर्धा मिलिमीटर असतं. खालचं सगळं साधं प्लाय. अर्धा मिलिमीटर म्हणजे लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याइतकं. तेवढंच सागवान तुमचं, बाकी नुसता आधार.

ते पातळ असलं तरी लाकूडच आहे. पावसाळ्यात ओलावा घेतं, उन्हाळ्यात सोडतं, उन्हात रंग बदलतं, तेल-पाणी पितं. सनमायकाचं तसं नाही. सनमायका, म्हणजे लॅमिनेट, हा राळेत भिजवून दाबलेल्या कागदांचा थर असतो आणि त्यावरचं लाकूड म्हणजे छापलेलं चित्र. त्याला पॉलिश लागत नाही, लावलं तरी नीट धरत नाही. आपल्याकडचं फर्निचर यातलं कोणतं, याची खात्री आधी करा. खऱ्या व्हेनिअरवर बोट फिरवलं की रेषांचा खरखरीतपणा लागतो, आणि कोऱ्या व्हेनिअरवर पाण्याचा थेंब टाकला तर काही क्षणांत तिथला रंग गडद होतो.

पुढचं सगळं या अर्ध्या मिलिमीटरभोवती फिरतं. भरीव सागवानी टेबल खराब झालं तर रंधा मारून नवं करता येतं. आजोबांच्या वेळची मेजं अशी दोन-तीनदा नवी झालेली असतात. व्हेनिअरला ती मुभा नाही. एकदा जोरात घासलं की प्लाय उघडं पडतं, आणि ते कोणत्याही रंगाने झाकलं तरी दिसतं. म्हणून व्हेनिअरवर खरा खर्च रंगापेक्षा राखणीवर करावा, असं माझं ठाम मत आहे.

## स्टेन म्हणजे मेंदी

मेंदी हातावर रंगते, खुलून दिसते. पण मेंदी लावल्यामुळे हात पाण्यात भिजायचा थांबत नाही. स्टेनचं तसंच आहे. स्टेन लाकडाला फक्त रंग देतो. त्याच्यामुळे लाकडावर कसलाही पडदा तयार होत नाही, त्यामुळे पाणी, तेल, घाम, हळद सगळं पूर्वीइतकंच सहज आत शिरतं. तो पडदा तयार करण्याचं काम वेगळ्या वस्तूचं. तिला आपण सरसकट 'पॉलिश' म्हणतो, आणि या लेखात पॉलिश म्हणजे लाकडावरचा पारदर्शक, राखणारा थर. वहिनींच्या टेबलावर मेंदी होती, पडदा नव्हता.

स्टेनमध्येही दोन प्रकार येतात. एकात रंग पूर्ण विरघळलेला असतो, पाण्यात चहा उतरतो तसा. दुसऱ्यात रंगाची बारीक भुकटी तरंगत असते, पाण्यात कालवलेल्या गेरूसारखी. गेरू जसा तळाशी बसतो तसा हा स्टेनही बसतो. म्हणून डबा नुसता हलवून भागत नाही, तळापर्यंत काडी घालून ढवळावं लागतं, नाहीतर पहिलं दार फिकट आणि शेवटचं काळपट होतं. चहासारखा रंग आत खोल जातो आणि लाकडाच्या रेषा स्वच्छ दिसू देतो, पण उन्हाने लवकर उडतो. गेरूसारखा रंग छिद्रांत अडकून बसतो, थोडा गढूळ दिसतो, पण उन्हापुढे जास्त टिकतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या कपाटाला कोणता घ्यायचा ते यावरून ठरवता येईल.

## पांढरा डाग, काळा डाग

पाण्याचे डाग दोन रंगांचे असतात आणि दोघांचा अर्थ अगदी वेगळा आहे.

पांढरट, धुरकट गोल दिसला तर ओलावा पॉलिशच्या थरातच अडकला आहे. लाकडापर्यंत पोचलेला नाही. हा डाग पुष्कळदा कोरड्या हवेत आपोआप विरतो. नाहीच विरला तर केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून थोडी थोडी द्यायची.

काळा डाग म्हणजे पाणी पडदा ओलांडून लाकडात उतरलं. काळा रंग येतो कुठून? आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करायचे. हिरड्यात तुरट द्रव्य असतं, म्हणजे टॅनिन, आणि हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. दोघं भेटले की काळं. साग, ओक अशा लाकडांत टॅनिन असतंच. वरून गंजक्या डब्याच्या बुडाचं, खिळ्याचं किंवा लोखंडी तव्याचं ओलं लोखंड मिळालं की टेबलावर तीच शाई तयार होते. ही शाई लाकडाच्या धाग्यांत भिनते. भरीव लाकडात ती तासून काढता येते, अर्ध्या मिलिमीटरमध्ये तासायला जागा नाही. घासकामाला तारेची लोखंडी घासणी वापरू नका असं मी सांगतो ते यासाठीच. तिचे केसाएवढे तुकडे छिद्रांत राहतात, वर पाण्याचं पॉलिश लावलं की ठिपक्याठिपक्यांनी काळे होतात.

## मिठाचं पाणी की इडली?

आता मुख्य विषय. बाजारात पॉलिशची नावं वीसेक असतील, पण वाळण्याच्या पद्धतीने त्यांची दोनच घराणी होतात.

पहिलं घराणं मिठाच्या पाण्याचं. ताटलीत मिठाचं पाणी ठेवलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पुन्हा पाणी घाला, मीठ पुन्हा विरघळतं. लाखेचं पॉलिश असंच वाळतं. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर एक किडा जी राळ सोडतो ती. पूर्वीच्या रजिस्टर पार्सलवरचा सील, लाखेच्या बांगड्या, सावंतवाडीच्या गंजिफांवरची पारंपरिक चकाकी, सगळीकडे तीच. तिचे पातळ पापुद्रे, म्हणजे चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने हातावर हात चढवत गेलं की ते झालं फ्रेंच पॉलिश. स्पिरिट उडून जातं, लाख राहते. थिनरमध्ये पातळ होणारं साधं लॅकरही याच घराण्यातलं.

दुसरं घराणं इडलीचं. पीठ वाफवलं की इडली होते, इडली पाण्यात भिजवून पुन्हा पीठ होत नाही. इथे नुसतं वाळणं नसतं, आत रासायनिक क्रिया होऊन नवाच पदार्थ तयार होतो. मेलामाइनमध्ये आम्लाचा हार्डनर मिसळतात आणि थर पक्का होतो. दोन डब्यांच्या पीयूत, म्हणजे पॉलियुरेथेनमध्ये, आयसोसायनेट नावाचा हार्डनर असतो. एका डब्याचं तेलाधारित पीयू हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पाण्यावर आधारलेलं पीयू पाणी उडताना थर धरतं आणि मग हळूहळू पक्कं होत जातं.

ही दोन घराणी लक्षात ठेवली की बाकीची उत्तरं आपोआप मिळतात. मिठाच्या घराण्यात दुरुस्ती सोपी. ओरखडा पडला, वरून नवा हात फिरवला, जुना थर थोडा विरघळून नव्यात मिसळतो, जोड दिसत नाही. पण तीच त्याची कमजोरी. लाखेवर सॅनिटायझर सांडलं की डाग, कारण त्यात स्पिरिट असतं. गरम भांडं ठेवलं की लाख मऊ होते आणि बुडाचा ठसा उमटतो. इडलीच्या घराण्यात गरम कप, सांडलेलं सरबत, रोजचं पुसणं यांचं फारसं काही वाटत नाही. पण खोल ओरखडा पडला तर नवा हात जुन्यात मिसळत नाही, वर वेगळा बसतो. त्याला धरायला जुना थर आधी बारीक घासून खरबरीत करावा लागतो. सोपी दुरुस्ती हवी की रोजची निश्चिंती, हे तुमच्या घरातल्या वापरावर ठरतं. देवघराजवळच्या चौरंगाला, जिथे समई तापते आणि तेल सांडतं, तिथे मी लाख लावणार नाही. आजीच्या जुन्या आरशाच्या चौकटीला लाखेशिवाय दुसरं काही लावणार नाही.

## मग घरी कोणतं लावायचं?

माझं उत्तर: एका डब्याचं पीयू, ब्रशने. पाण्याचं किंवा तेलाधारित.

पाण्याच्या पीयूला वास कमी, दोन-चार तासांत दुसरा हात देता येतो, ब्रश पाण्याने धुता येतो. ते जवळजवळ रंगहीन असतं, त्यामुळे फिकट व्हेनिअर फिकटच राहतं. तेलाधारित पीयूला दोन हातांमध्ये साधारण एक दिवस लागतो, वास उग्र आणि रंगात पिवळसर झाक. अक्रोडी किंवा सागवानी रंगावर ती झाक फार सुंदर दिसते, पांढरट रंगावर नाही.

दोन डब्यांचं पीयू सर्वांत कणखर, यात शंका नाही. तरीही घरात फवाऱ्याने ते मारायच्या मी स्पष्ट विरोधात आहे. आयसोसायनेटचे फवारलेले कण श्वासातून गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो. कापडी मास्क इथे काहीच अडवत नाही. मेलामाइनमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. ही कामं साधनं असलेल्या माणसाने, माणसं राहत नसलेल्या जागेत करायची. राहत्या घरात पॉलिशवाले बोलावणार असाल तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं तेवढे दिवस दुसरीकडे हलवा, आणि पॉलिशवाल्यांच्या तोंडावर निदान योग्य मास्क आहे का ते बघा. ते हे काम रोज करतात, त्यांचा धोका आपल्यापेक्षा कितीतरी मोठा.

## प्रत्यक्ष काम

आधी उरलेल्या व्हेनिअरचा एक तुकडा सुताराकडून मागून घ्या. सगळे प्रयोग त्याच्यावर. स्टेनचा रंग डब्यावरच्या चित्रासारखा कधीच येत नाही, कारण खालचं लाकूड वेगळं असतं, आणि पॉलिश चढल्यावर तो आणखी गडद होतो. तुकड्यावर स्टेन आणि पॉलिश दोन्ही लावूनच रंग पसंत करा.

कोऱ्या व्हेनिअरला १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर, हाताने, लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळून, फक्त रेषांच्या दिशेने. आडवा हात फिरवला की पडलेले ओरखडे आत्ता दिसत नाहीत, स्टेन लावल्यावर उठून दिसतात. मशीन वापरू नका. कडा आणि कोपऱ्यांजवळ तर नुसता पेपर टेकवल्यासारखं करा, व्हेनिअर सगळ्यांत आधी तिथेच संपतं. फार गुळगुळीत करायचाही मोह नको. अतिबारीक पेपरने छिद्रं बुजतात आणि स्टेन धरत नाही. कुठे फेव्हिकॉलचे डाग दिसतात का बघा, कारण जिथे फेव्हिकॉल तिथे स्टेन शिरणार नाही, फिकट ठिपका राहील. स्टेन पाण्याचा असेल तर आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्या आणि उभे राहिलेले धागे हलक्या हाताने घासून काढा. नाहीतर ते स्टेन लावताना उभे राहतील आणि तेव्हा घासायची सोय नसेल.

स्टेन फडक्याने लावा, काही मिनिटांनी जादाचा रेषेच्या दिशेने पुसून घ्या आणि किमान एक दिवस वाळू द्या. यानंतर एक नियम मी कधीच मोडत नाही: स्टेन लावलेल्या लाकडाला थेट पॉलिश पेपर लावायचा नाही. रंग वरच्या पातळ थरातच असतो. एक चुकीचा हात आणि फिकट पट्टा उघडा.

आता पॉलिशचा पहिला हात. इथे बरेच जण फसतात. स्टेन ज्या द्रवात विरघळतो तेच द्रव पॉलिशमध्ये असेल, तर ब्रश फिरताना खालचा रंग सुटून सरकतो. स्पिरिटच्या स्टेनवर स्पिरिटचं पॉलिश, पाण्याच्या स्टेनवर पाण्याचं पीयू, दोन्ही ठिकाणी हा धोका. पहिला हात पातळ, एकदाच फिरवायचा, मागेपुढे घासायचा नाही. दुसरी अडचण उलटी: तेलाचा स्टेन अजून आतून ओला आणि वर पाण्याचं पीयू, म्हणजे थर सुटणार. या दोन्हींवर जुना आणि खात्रीचा तोडगा म्हणजे मध्ये मेणविरहित लाखेचा एक पातळ हात. तो खालच्यालाही धरतो, वरच्यालाही. फक्त स्टेन स्पिरिटचा असेल तर हा उपाय नको, आणि लाख मेणविरहितच हवी, कारण मेण असलेल्या लाखेवर पीयू नीट चिकटत नाही. विरघळवून ठेवलेली लाख वर्षानुवर्षं टिकत नाही हेही ध्यानात ठेवा. जुनी झाली की वाळतच नाही, चिकट राहते. लागेल तेवढीच करा.

पीयूचे तीन हात पुरतात, जेवणाच्या टेबलाला चार. पहिल्या हातानंतर काही घासू नका. दुसऱ्यानंतर ३२० नंबरच्या पेपरने अगदी हलकं, धुळीचे दाणे जाण्यापुरतं, मग ओलसर फडक्याने पुसून पुढचा हात. जाड थर एकदम देण्यापेक्षा पातळ हात जास्त वेळा दिलेले केव्हाही बरे. जाड थर वरून वाळतो आणि आतून ओला राहतो.

टेबलाची खालची बाजू आणि प्लायच्या कापलेल्या कडाही विसरू नका. कडेला सागाची पट्टी मारलेली असली तरी तिलाही पॉलिश हवंच. ओलावा तिथूनच चोरपावलांनी आत शिरतो आणि काही पावसाळ्यांनी व्हेनिअरची कड उचलली जाते.

काम चालू असताना खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवघरातला दिवाही शांत. थिनरची वाफ ज्योतीपर्यंत जाऊन पेट घेते. आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना ठाऊक नसते: जवसाच्या तेलाचे किंवा तेलाच्या स्टेनचे बोळे चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, गुंडाळलेल्या फडक्यात ती साठत जाते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी उघडी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

## पावसाळ्यात का नको?

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी डोंबिवलीच्या घरी पुस्तकांच्या कपाटाची दोन दारं लॅकर करायला घेतली. सुट्टी होती, बाहेर संततधार होती, घरात बसून काम होईल असं वाटलं. तिसरा हात दिला आणि डोळ्यांदेखत दोन्ही दारांवर दुधाची साय धरल्यासारखा पांढरा पडदा चढला. खालचा गडद तपकिरी रंग पार झाकला गेला.

कारण साधं आहे. थिनर भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो, हातावर स्पिरिट लावल्यावर थंड वाटतं तसा. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत पाण्याची वाफ काठोकाठ भरलेली असते. थंड सरबताच्या पेल्याबाहेर जसे थेंब जमतात तसे ते ओल्या लॅकरवर जमतात आणि थरात अडकतात. त्यालाच पॉलिशवाले 'पॉलिश फुटलं, पांढरं पडलं' म्हणतात. ते थिनर सावकाश उडावा म्हणून त्यात रिटार्डर घालतात, पण धो धो पावसात त्याचीही मर्यादा येते.

एक दार मी तसंच ठेवलं. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी त्यावर थिनरचा पातळ हात दिला, थर पुन्हा विरघळला, अडकलेलं पाणी निघून गेलं आणि रंग जसाच्या तसा वर आला. दुसरं दार मात्र मी त्याच संध्याकाळी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो होतो. दहा मिनिटांत कडेला प्लायचा फिकट तुकडा दिसला, करंगळीच्या नखाएवढा. ते दार बदलावं लागलं. शिकलो ते एवढंच की पांढरं पडलेलं पॉलिश धीराने बरं होतं, घासून होत नाही.

पाण्याचं पीयू असं पांढरं पडत नाही, पण दमट हवेत वाळायला फार वेळ घेतं आणि तोवर धूळ बसते. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ आपल्याकडे या कामाला सर्वांत चांगला.

## 'पण आमच्याकडे तर नुसतं तेल लावायचे'

लावायचे, आणि ते चुकत नव्हते. भरीव लाकडाच्या झोपाळ्याला, खांबांना जवसाचं तेल वर्षावर्षाला लावत गेलं की ते मुरतं, थोडं घट्ट होतं, आणि घासून नवं करता येतं म्हणून डाग पडल्याची चिंता नसते. व्हेनिअरच्या टेबलावर नुसत्या तेलाची राखण अपुरी पडते, कारण इथे घासून नवं करण्याचा मार्गच बंद आहे. आणि पॉलिश चढल्यानंतर वरून तेल लावून 'लाकडाला खाऊ घालणं' याला अर्थ उरत नाही. तेल पडद्यापलीकडे जातच नाही, वर राहून धूळ धरतं. खोबरेल तर वाळतही नाही. मेणाचंही तेच: पॉलिशवर शोभेला चालेल, पॉलिशऐवजी नाही.

## 'मग वर काच टाकून मोकळे होऊ'

काच टाका, पण खाली चार-सहा पारदर्शक रबरी टिकल्या ठेवून. काच थेट टेकवली तर कडेने शिरलेलं पाणी उडायला जागा राहत नाही आणि डाग काचेखालीच पिकत जातो. प्लॅस्टिकचं टेबलकव्हर त्याहून वाईट. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य हळूहळू झिरपून पॉलिशमध्ये उतरतं, विशेषतः लॅकरमध्ये. मग कव्हर चिकटतं आणि उचलताना पॉलिश घेऊन येतं.

'एवढं सगळं असेल तर सनमायकाच काय वाईट?' असंही कोणी म्हणेल. काहीच वाईट नाही. स्वयंपाकघराच्या ट्रॉलीला, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाला मीही सनमायकाच सुचवतो. व्हेनिअर तिथे घ्यावं जिथे खऱ्या लाकडाकडे बघायला तुम्हाला रोज बरं वाटणार आहे.

## घरात आधीच असलेल्या फर्निचरचं काय?

त्याच्यावर कोणतं पॉलिश आहे ते आधी शोधा. न दिसणाऱ्या जागी, दाराच्या आतल्या कडेला, कापसाच्या काडीने स्पिरिटचा थेंब लावा. चिकट झालं तर लाख. नाही झालं तर थिनरचा थेंब. तो मऊ करतो तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू. घराणं कळलं की दुरुस्तीचा रस्ता कळला.

रोजच्या पुसण्याला किंचित ओलसर मऊ फडकं आणि लगेच कोरडं, इतकं पुरतं. चकाकीच्या स्प्रेंमध्ये बऱ्याचदा सिलिकॉन असतं. आज चमक छान येते, पण पुढे कधी नवा हात द्यायचा झाला की त्यावर पॉलिश फाटतं, माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. हळद सांडून पिवळा डाग राहिला तर घासत बसू नका. हळदीचा रंग उजेडात स्वतःहून उडत जातो. टेबल उजेडाकडे सरकवा आणि थोडे दिवस थांबा.

वाळवीसाठी मात्र पॉलिशवर विसंबू नका. ती खालून, भिंतीकडून, प्लायमधून येते. तिची व्यवस्था वेगळी करावी लागते.

## वहिनींचं टेबल

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही ते हातात घेतलं. फिकट गोलावर बारीक ब्रशने तोच स्टेन थोडा थोडा भरला, एक दिवस वाळू दिला, मेणविरहित लाखेचा पातळ हात दिला आणि वर पाण्याच्या पीयूचे तीन हात. पहिल्या संध्याकाळीच टेबल बोटाला कोरडं लागत होतं. पण हाताला कोरडं आणि आतून पक्कं यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर असतं. तेवढे दिवस वहिनींनी त्यावर वर्तमानपत्रसुद्धा ठेवू दिलं नाही. अर्धवट पक्क्या थरावर कागद ठेवला तर शाईसकट चिकटतो.

उरलेल्या व्हेनिअरच्या ज्या तुकड्यावर रंग बघितला होता, त्याच्या पाठीवर वहिनींनी पेनाने लिहून ठेवलं: स्टेनचा रंग आणि कंपनी, कोणतं पॉलिश, किती हात, तारीख. तो तुकडा टेबलाच्या खणात असतो. पुढे कधी ओरखडा पडला, तर दुकानात तोच घेऊन जायचं.